चिपी-मुंबई सव्वा तास? कुणाच्या घड्याळात?

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तरच वाचा, पण वाचलीत तर पूर्ण वाचा. अर्धी वाचून 'हा विकासविरोधी' अशी कमेंट टाकणाऱ्यांना आधीच नमस्कार.

चिपी ते मुंबई विमानाने किती वेळ लागतो, असं सिंधुदुर्गात कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं आहे: 'सव्वा तास'. भाषणात तेच, बॅनरवर तेच, नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरही तेच. काही पुढारी तर 'तासाभरात मुंबई' म्हणतात. मला या सव्वा तासाबद्दलच बोलायचं आहे, कारण या जिल्ह्याची गेल्या काही वर्षांतली सगळ्यात मोठी फसवणूक या एका आकड्यात आहे.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला असताना आम्हाला एक गोष्ट घोकून घेतली होती. कुणी आकडा दिला की विचारायचं, हा कुठून कुठपर्यंतचा? विमानाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलाच नाही.

आधी अंतर बघू. चिपीचा विमानतळ आणि मुंबईचा विमानतळ यांच्यात नकाशावर सरळ रेषा ओढली तर साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतात. वैमानिकांच्या भाषेत १९० सागरी मैलांच्या आसपास. रस्त्याने हेच अंतर पाचशेच्या घरात जातं, कारण रस्त्याला घाट आहेत, वळणं आहेत, आणि माणगाव-इंदापूर आहे (त्याबद्दल वेगळी पोस्ट लिहावी लागेल). या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान उडायचं. ते वरच्या उंचीवर ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास जातं. मग साडेतीनशे भागिले पाचशे करा. बेचाळीस मिनिटं. चौथीतल्या पोराला जमेल असं गणित आहे.

पण वेळापत्रकात बेचाळीस मिनिटं कधीच नव्हती. २०२१ ला सेवा सुरू झाली तेव्हाचं वेळापत्रक आठवा. मुंबईहून ११.३५ ला सुटायचं, चिपीला १ वाजता. चिपीहून १.२५ ला सुटायचं, मुंबईला २.५० ला. म्हणजे एक तास पंचवीस मिनिटं. वरची त्रेचाळीस मिनिटं कुठे गेली? थोडी धावपट्टीपर्यंत सरपटण्यात, थोडी चढण्या-उतरण्यात. उरलेली बरीचशी मुंबईच्या रांगेसाठी राखून ठेवलेली. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तिथपासून पुन्हा जागेवर थांबलं तिथपर्यंत मोजतात. मुंबईला धावपट्ट्या दोन आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर दिवसाला नऊशेहून अधिक विमानं चढतात-उतरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या विमान वाहतूक मंत्रालयानेच जाहीर केलं होतं की गर्दीमुळे मुंबईच्या आकाशात विमानांना ४० ते ६० मिनिटं घिरट्या घालाव्या लागतात. हे मी नाही, सरकार म्हणतंय. म्हणजे चिपीहून मुंबईच्या डोक्यावर पोचायला जेवढा वेळ, तेवढाच डोक्यावर फिरण्यात.

बरं, तेही सोडा. एक तास पंचवीस मिनिटं धरून चालू. पण हा वेळ विमानतळापासून विमानतळापर्यंतचा आहे. विमानतळावर राहतो कोण? मी तरी कणकवलीत राहतो.

कणकवलीहून चिपी पन्नासेक किलोमीटर. कुडाळवरून आत वळायचं, परुळ्याच्या वाटेने. विमान १.२५ चं असेल तर तासभर आधी तिथे हजर पाहिजे. म्हणजे घरातून पावणेअकराला निघालं पाहिजे. एसटीची वेळ विमानाशी जुळेल याचा भरवसा नाही, तेव्हा गाडी करायची. त्या गाडीचं भाडं '२५२० रुपयांत विमानप्रवास' या जाहिरातीत कधीच नव्हतं. (आणि ते २५२० सुद्धा उडान योजनेतल्या निम्म्या सीटांसाठी होते. त्या संपल्या की कंपनी ठरवेल तो दर.) २.५० ला मुंबई. सामान घेऊन बाहेर पडेपर्यंत सव्वातीन. तिथून परळ. आपल्या जिल्ह्यातला माणूस मुंबईला गेला की निम्म्या वेळा केईएम नाहीतर टाटाला जातो, म्हणून परळ धरतो. दुपारच्या ट्रॅफिकमध्ये एक तास. सव्वाचार वाजले.

पावणेअकरा ते सव्वाचार. साडेपाच तास.

साडेतीनशे किलोमीटरला साडेपाच तास म्हणजे ताशी चौसष्ट किलोमीटर. विमानाने! एवढ्यात आमचा एसटीचा ड्रायव्हर हायवे धड असता तर हसला असता.

आता वंदे भारत बघा. जून २०२३ पासून धावतेय, कणकवलीला थांबते. पावसाळ्याचं मंदावलेलं वेळापत्रक सोडलं तर कणकवली ते दादर पावणेसहा तासांच्या आत-बाहेर. स्टेशन गावातच आहे आणि दादरहून परळ पुढचं स्टेशन. म्हणजे विमान आणि रेल्वे यांच्यातला फरक गेला पंधरा-वीस मिनिटांवर. वैभववाडीच्या माणसाला तर चिपी गाठायलाच दोनेक तास, आणि त्याचं रेल्वे स्टेशन गावाजवळ. त्याच्यासाठी विमान रेल्वेपेक्षा हळू आहे. हळू! हे वाक्य मी तीन वेळा तपासून लिहिलंय.

पण खरी गोम वेगातही नाही. ती वेळापत्रकात आहे.

समजा तुमचं मंगळवारी सकाळी अकराला मंत्रालयात काम आहे, किंवा हायकोर्टात तारीख आहे, किंवा टाटामध्ये डॉक्टरांनी बोलावलंय. विमान मुंबईला पोचतं दुपारी २.५० ला. म्हणजे मंगळवारचं विमान उपयोगाचं नाही, सोमवारचं पकडा. सोमवारी पावणेअकराला घर सोडलं. सोमवारची रात्र मुंबईत काढली, भावाकडे किंवा लॉजवर. मंगळवारी अकराला काम सुरू झालं, दुपारपर्यंत संपलं. परतीचं विमान ११.३५ चं, ते केव्हाच गेलं. म्हणजे मंगळवारची रात्रही मुंबईत. बुधवारी ११.३५ ला बसलात, १ वाजता चिपी, अडीच-पावणेतीनला कणकवली. मोजा: सोमवार पावणेअकरा ते बुधवार पावणेतीन. बावन्न तास.

कोकणकन्याने काय होतं? सोमवारी रात्री साडेआठला घरून निघा. पहाटे मुंबई. काम करा, दुपारी नातेवाइकांकडे जेवा, रात्री अकराची परतीची कोकणकन्या पकडा, बुधवारी सकाळी चहाला घरी. पस्तीस-छत्तीस तास, आणि दोन्ही रात्रींची झोप गाडीत. लॉजचा खर्च शून्य.

विमान बावन्न, रेल्वे छत्तीस. आता सांगा, सव्वा तास कोणाचा?

उलट बाजूनेही तेच. मुंबईतला व्यावसायिक, डॉक्टर, एखादा तज्ज्ञ सकाळी येऊन संध्याकाळी परत जाऊ शकेल का? तो १ ला उतरणार आणि तेच विमान १.२५ ला परत उडणार. पंचवीस मिनिटांत तो काय विमानतळावरची वडापावची गाडी शोधणार? दिवसभराचं काम उरकून परत जाता येत नसेल, तर त्या विमानाला कामाचं विमान म्हणायचं कशाला? ती पर्यटकाची सोय झाली. पर्यटकाला रात्र राहायचंच असतं. पुण्याची सेवा २०२४ च्या ऑगस्टअखेर सुरू झाली तीही शनिवार-रविवारची. पर्यटक यावेत, जरूर यावेत, मालवण-तारकर्ली-वेंगुर्ल्याच्या लोकांची पोटं त्यावर आहेत. पण मग भाषणात 'इथल्या जनतेसाठी' म्हणू नका. 'इथे येणाऱ्यांसाठी' म्हणा.

आणि हे झालं विमान रोज येतं असं धरून. प्रत्यक्षात चिपीच्या विमानाबद्दल आमच्याकडचा पहिला प्रश्न 'किती वाजता' हा कधीच नव्हता. 'आज इमान येतला मां?' हा होता. पावसात ढग खाली आले की प्रश्नाचं उत्तर 'नाय'. दिवसाला एकच विमान आणि ते नाही आलं, तर तुमचा प्रवासाचा वेळ सव्वा तास नाही, सव्वापंचवीस तास होतो. आठवड्यातून तीनच दिवस असेल तर त्याहून जास्त. वेळ मोजताना पुढचं विमान मिळेपर्यंतचा वेळ मोजायचा असतो. मुंबई-दिल्लीचा माणूस हे मोजत नाही, कारण त्याचं एक चुकलं तर तासाभरात दुसरं असतं. त्याचा दोन-सव्वादोन तासांचा प्रवास खरंच तेवढ्याचा असतो. आपला सव्वा तास फक्त कागदावर.

थोडं मागे जाऊ. १२ सप्टेंबर २०१८ ला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, चिपीच्या पट्टीवर चाचणीचं विमान उतरलं. गणपतीची मूर्ती घेऊन. काय ते ढोल, काय ते फोटो! त्यानंतर प्रवाशांचं पहिलं विमान यायला तीन वर्षं लागली. ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकाच व्यासपीठावर. दुसऱ्या दिवशी राज्यभर चर्चा कसली? कोणी कोणाला काय टोमणा मारला याची. त्या दिवशी व्यासपीठावरच्या एकानेही सांगितलं नाही की हे विमान दुपारचं का आहे, सकाळचं का नाही. आणि हेही सांगितलं नाही की या विमानाच्या पाठीशी असलेल्या सरकारी पैशाची मुदत तीन वर्षांची आहे.

हो, तीनच वर्षं. उडान योजना अशीच आहे. छोट्या मार्गावर कंपनीला तोटा होतो, तो भरून काढायला तीन वर्षं अनुदान. त्यातला ८० टक्के भार केंद्राकडे, २० टक्के राज्याकडे. शिवाय राज्याने इंधनावरचा कर एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचं. तीन वर्षांत मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील अशी अपेक्षा. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन मिळवा. ऑक्टोबर २०२४. बरोबर त्याच महिन्यात अलायन्स एअरची मुंबई-चिपी सेवा थांबली. कंपनी कुठली, तर केंद्र सरकारचीच. एअर इंडिया टाटांना विकली तेव्हा ही सरकारकडे राहिली. योजना सरकारची, विमान सरकारचं, आणि बंद झालं तेव्हा सगळे असे चकित झाले जणू देवाने बंद केलं.

यात चकित होण्यासारखं काही नव्हतं. 'कॅग'चा उडानवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्येच संसदेत आला होता. त्यातले आकडे सांगतो, कारण ते आपल्याला कुणी सांगितले नाहीत. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झाले ३७१, त्यातल्या फक्त ११२ नी तीन वर्षं पूर्ण केली. आणि तीन वर्षांनंतर, अनुदान संपल्यावर, मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले किती? ५४. सातशे चौऱ्याहत्तरातले चोपन्न. हे वाचल्यावर जिल्ह्यातल्या एखाद्या तरी लोकप्रतिनिधीने २०२३ च्या दिवाळीत दिल्लीला जाऊन विचारायला हवं होतं, की आमचं एक वर्षाने काय होणार? विचारलं असेल तर पुरावा दाखवा, मी इथेच छापतो.

दरम्यान शेजारी काय झालं? ५ जानेवारी २०२३ पासून मोपा सुरू झालं. चिपी आणि मोपा यांच्यात सरळ रेषेत पन्नास किलोमीटरसुद्धा नाहीत. बांद्याच्या माणसाला मोपा हाकेच्या अंतरावर, सावंतवाडी-दोडामार्गला चिपीपेक्षा जवळ. तिथून मुंबईला दिवसभरात कितीतरी विमानं. माणूस हिशोबाने वागतो. सकाळचं विमान जिथे आहे तिथे तो जातो, राज्याची हद्द ओलांडावी लागली तरी. जशी आपली माणसं उपचारासाठी बांबोळीला जातात तशीच. आजारी पडलो तर गोवा, उडायचं तर गोवा. मग 'चिपीला प्रवासी मिळत नाहीत' असा शेरा मारायचा आणि फाइल बंद. प्रवासी मिळत नाहीत असं नाही. दुपारी १.२५ च्या विमानाला प्रवासी मिळत नाहीत.

'मग उपाय काय, नुसती टीका करतोस' असं काही मित्र म्हणतील. उपाय नवीन नाही. विमान रात्री चिपीला थांबलं पाहिजे. सकाळी सातला सुटून साडेआठपर्यंत मुंबई, आणि संध्याकाळी मुंबईहून परत. यासाठी कंपनीला इथे वैमानिक-कर्मचाऱ्यांच्या मुक्कामाची सोय लागते, तंत्रज्ञ लागतो, आणि मुंबईला सकाळची वेळ मिळावी लागते. ती शेवटची गोष्ट सगळ्यात अवघड. सकाळच्या गर्दीत मुंबईची पट्टी सत्तर सीटांच्या विमानाला द्यायची की एकशे ऐंशी सीटांच्या, असा प्रश्न आला की सत्तरवाला हरतो. बाजारावर सोडलं तर आपण कायम दुपारीच उडणार. पण हे बाजारावर सोडलेलंच नाही ना! पैसा सरकार घालतंय. जो पैसा घालतो त्याने वेळही मागावी. राज्याने २० टक्के देताना अट घातली असती की सकाळची वेळ द्या नाहीतर आमचा हिस्सा विसरा, तर निदान भांडण तरी झालं असतं. आपले नेते एकमेकांशी इतकं भांडतात, त्यातलं अर्धं मुंबईच्या सकाळच्या वेळेसाठी भांडले असते तर आज ही पोस्ट लिहावी लागली नसती.

मी विमानतळाच्या विरोधात नाही. चिपी-परुळ्याच्या लोकांनी त्या पठारावरची जमीन दिली आहे, तिथली अडीच किलोमीटरची पट्टी पडून राहावी असं कोण म्हणेल? म्हातारं माणूस, ऑपरेशन झालेला पेशंट, ज्याला बारा तास बसवत नाही, त्याच्यासाठी बेचाळीस मिनिटांची उडी खरोखर मोलाची आहे. चाकरमान्याला गणपतीत रेल्वेचं तिकीट मिळत नाही तेव्हाही. त्यांच्यासाठीच म्हणतोय, की विमान असेल तर ते भरवशाचं असू दे. नाहीतर तेवढाच जोर रेल्वेवर लावा. कोकण रेल्वे १९९८ ला देशाला अर्पण झाली, आणि आजही रोहा-वीर हा जेमतेम ४७ किलोमीटरचा तुकडा सोडला तर मार्ग एकेरी. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ चं, ते अजून अर्धवटच. तिथे तासाभराची बचत झाली तर ती रोज हजारो माणसांची होते, सत्तर जणांची नाही.

२९ डिसेंबर २०२४ ला नवी मुंबईच्या नव्या पट्टीवर पहिलं प्रवासी विमान चाचणीसाठी उतरलं, आणि आमच्या नाक्यावर लगेच गजाली सुरू: 'आता बघ, नवी मुंबईसून चिपी!' होऊ दे की. नवी मुंबई चिपीला पंधरा-वीस किलोमीटरने जवळ आहे, आकाशात गर्दी कमी असेल, सकाळची वेळ मिळायची शक्यताही जास्त. परळला जाणाऱ्याला खाडी ओलांडावी लागेल, पण आता अटल सेतू आहे. मी आशेने बघतोय, खोटं कशाला सांगू.

फक्त त्याचा बॅनर लागेल तेव्हा त्यावर पुन्हा 'एक तासात मुंबई' असं लिहिलेलं असेल, हे मी आजच सांगतो. त्या पत्रकार परिषदेत मी पहिल्या रांगेत बसणार आहे आणि चारच गोष्टी विचारणार आहे: चिपीहून पहिलं विमान सकाळी किती वाजता, आठवड्यातले किती दिवस, रात्री विमान कुठे थांबणार, आणि अनुदान संपल्यावर चौथ्या वर्षी कोण चालवणार. तुमच्याकडे पाचवा प्रश्न असेल तर खाली लिहा. गावाच्या नावासकट लिहा, म्हणजे तसाच वाचून दाखवतो.